गळ टाकण्याआधी: हौशी मासेमारी आणि संरक्षित समुद्र यांचा मेळ कसा घालायचा

फ्लोरिडात केनेडी अवकाश केंद्राला लागून असलेल्या खाऱ्या पाण्याच्या काही भागात १९६२ पासून मासेमारी बंद आहे. ही बंदी माशांच्या काळजीपोटी आली नव्हती. रॉकेट उडवायच्या जागेजवळ कुणी फिरकू नये, एवढाच हेतू होता. पुढे संशोधकांनी गळावर पकडलेल्या विक्रमी माशांच्या नोंदी चाळल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ब्लॅक ड्रम, रेड ड्रम आणि स्पॉटेड सीट्राउट या तिन्ही जातींचे विक्रमी मासे या बंद पाण्याच्या आसपास दाटीनं सापडले होते. सीट्राउटचं आयुष्य कमी, त्याचे विक्रम बंदीनंतर ९ वर्षांनी वाढायला लागले. ब्लॅक ड्रम सत्तर वर्षंही जगतो, त्याला ३१ वर्षं लागली.

गळ घेऊन समुद्रावर जाणाऱ्याला संरक्षित क्षेत्र म्हटलं की आधी हातची गेलेली जागा आठवते. त्यात गैर काही नाही, चांगली जागा हेरायला वर्षं जातात. पण बंद पाण्यात मासा वय गाठतो, अंगानं भरतो आणि कधी ना कधी हद्दीबाहेर येतो, हे या नोंदींवरून दिसतं. मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच समजुतीची: ‘आम्ही धरतो आणि सोडून देतो, आमच्यामुळे काय बिघडतं?’ सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. म्हणून पुढचा सगळा हिशेब गळाला लागलेल्या माशांचा आहे. घरी किती नेले, हा त्यातला एक आकडा फक्त.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत हौशी मासेमारी म्हणजे जिच्यावर माणसाच्या पोटाची मूलभूत गरज अवलंबून नसते आणि जिच्यातला मासा सहसा विकला जात नाही. याचा सरळ अर्थ असा की आपण कधीही थांबू शकतो. ज्याचं घर मासळीवर चालतं त्याला ही चैन नसते.

१. निघण्याआधी: हद्द नीट वाचा

‘संरक्षित’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळी पाणी येतात. काही ठिकाणी पाय ठेवायलाही परवानगी लागते, काही ठिकाणी मासेमारी पूर्ण बंद पण पोहायला मुभा, काही ठिकाणी गळ चालतो पण जाळं चालत नाही, आणि काही ठिकाणी कागदावर नाव सोडलं तर बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळं काहीच नसतं. २०१४ मध्ये जगभरातल्या ८७ संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास झाला. मासेमारीला पूर्ण बंदी, चोख अंमलबजावणी, दहा वर्षांहून जास्त वय, १०० चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र आणि खोल पाण्यानं किंवा वाळूनं वेगळा पडलेला अधिवास, असे पाच गुण त्यात तपासले होते. निम्म्याहून जास्त क्षेत्रांत यातले एक-दोनच गुण होते, आणि तिथली मासळी मासेमारी चालणाऱ्या पाण्याहून वेगळी काढता येत नव्हती. तेव्हा ‘संरक्षित म्हणजे सगळं बंद’ आणि ‘संरक्षित म्हणजे नुसता फलक’ ही दोन्ही गृहीतकं घरीच ठेवून निघा.

नियम किती बारीक असू शकतात याचा उत्तम नमुना ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर दिसतो. २००४ मध्ये तिथली नवी आखणी लागू झाली आणि मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग ५ टक्क्यांहून कमी होता तो ३३ टक्क्यांवर गेला. नकाशावर रंग आहेत. फिकट निळ्या भागात बहुतेक गोष्टींना परवानगी. पिवळ्या भागात गळ टाकता येतो, पण माणशी एक दोरी आणि तिला एकच गळ. हिरव्या भागात मासेमारी नाही. मात्र हिरव्यातून होडी नेता येते, अट इतकीच की सगळं सामान आवरून ठेवलेलं हवं. म्हणजे काठी टेकवून ठेवलेली आणि दोरी पाण्यात लोंबते आहे, एवढ्यावरही तुम्ही अडचणीत येता.

कुठल्याही किनाऱ्यावर जा, निघण्याआधी एवढ्या गोष्टी कराव्यात:

- अधिकृत नकाशा त्या-त्या खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या, शक्यतो त्याच आठवड्यात. मित्रानं पाठवलेला जुना फोटो चालणार नाही.
- समुद्रात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि हद्दीचे अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये घाला.
- बंदी वर्षभराची आहे की ठरावीक महिन्यांची, सगळ्या जातींची की एखाद-दुसरीची, हे वेगळं तपासा. गळ, भाला आणि जाळं यांचे नियम बहुधा वेगवेगळे असतात.
- शंका असेल तर खात्याला लेखी विचारा. तोंडी उत्तराला नंतर कुणी वाली नसतो.

आता हद्दीवरच गळ टाकून बसायचं का, हा प्रश्न. कायद्यानं त्यात काही चुकत नाही आणि जगभर लोक तेच करतात, कारण मोठा मासा तिथेच बाहेर येतो. मी मात्र रेषेला खेटून बसत नाही. कारण साधं आहे: होडी वाहते. वारा आणि प्रवाह मिळून एक नॉट वेग धरला तर होडी मिनिटाला सुमारे ३० मीटर सरकते. जोरकस मासा पंधरा मिनिटं झुंजला की तुम्ही साडेचारशे मीटर पुढे पोचलेले असता, आणि त्या वेळात जीपीएसकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून होडी रेषेपासून दूर वाहत जाईल अशाच बाजूनं सुरुवात करा, आणि निदान अर्धा किलोमीटर मोकळा ठेवा. लागलेला मासा बंद पाण्यात ओढून नेतोय असं दिसलं, तर दोरी कापायची.

२. कधी जायचं

अनेक मासे एरवी विखुरलेले असतात आणि अंडी घालायला मात्र ठरलेल्या जागी, ठरलेल्या तिथीला जमतात. कॅरिबियन समुद्रातला नॅसॉ ग्रुपर हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमाराला हजारोंनी एकत्र येतो. ती जागा एकदा कळली की दोन हंगामांत थवा रिकामा करता येतो. लिटल केमन बेटाजवळ २००१ नंतर जवळपास हेच घडलं. २००३ मध्ये तिथे जमावावरची मासेमारी थांबवली, नियम पुढे आणखी कडक केले, आणि दीड दशकात माशांची संख्या तिपटीहून जास्त झाली.

त्यामुळे कायद्यात लिहिलेलं असो-नसो, स्वतःसाठी एक नियम ठेवा. एकाच जागी एकाच जातीचे मोठे मासे लागोपाठ लागतायत आणि पोटं गाभोळीनं फुगलेली आहेत, तर तिथून हला. ती जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटो टाकायचाच असेल तर मागचा डोंगर, दीपगृह असं ओळखीचं काही दिसत नाही ना, हे पाहा. फोटोत लपलेली स्थाननोंदही काढून टाका.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि झुंजून दमलेल्या माशाला तोच जास्त लागतो. कडक उन्हाळ्याच्या दुपारी सोडलेला मासा जगण्याची शक्यता त्यामुळे कमी असते. पहाटेची वेळ बरी.

३. काय ठेवायचं आणि कधी थांबायचं

किमान लांबीचा नियम सगळ्यांना माहीत असतो: माशाला निदान एकदा अंडी घालता यावीत. युरोपात सी बासची किमान लांबी २०१५ मध्ये ३६ सेंटीमीटरवरून ४२ वर नेली, ती मादी वयात येते तेव्हाची लांबी धरून. आपल्याकडून दुर्लक्ष होतं ते वरच्या टोकाकडे. मोठ्या मादीची अंडी वजनाच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्याहून कितीतरी जास्त वाढतात. २०१८ मधल्या एका अभ्यासानुसार ३० किलोची एक कॉड मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. त्या २८ जणींचं एकूण वजन ५६ किलो होतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यामुळे फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तोच मासा पाण्यात परत जाणं सगळ्यात गरजेचं. काही ठिकाणी म्हणूनच खालची आणि वरची अशी दोन्ही मापं कायद्यात असतात आणि फक्त मधल्या मापाचा मासा ठेवता येतो. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी हीच पद्धत पाळायला कुणी अडवत नाही.

लिंग बदलणारे मासे हे आणखी एक त्रांगडं. बहुतेक ग्रुपर आधी मादी असतात आणि मोठेपणी नर होतात. सतत मोठेच उचलले तर नर संपतात. जिताड्याचं उलट आहे: तो आधी नर, नंतर मादी. तिथे मोठा मासा मारणं म्हणजे अंडी देणारी पिढीच काढून घेणं. आपण ज्या दोन-चार जातींच्या मागे असतो त्यांचं एवढं तरी ठाऊक असावं.

शिकारी मासा कमी झाला की परिणाम त्याच्यापुरता राहत नाही. न्यूझीलंडच्या ली गावाजवळचं सागरी राखीव क्षेत्र १९७५ मध्ये जाहीर झालं तेव्हा जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं होतं. तिथे स्नॅपर आणि शेवंड वाढले, त्यांनी समुद्री साळिंदर म्हणजे अर्चिन खाऊन आटोक्यात ठेवले, आणि अर्चिननी फस्त केलेली केल्प या मोठ्या समुद्री शैवालाची वनं खडकांवर परत आली. त्याच केल्पमध्ये लहान मासे लपतात आणि वाढतात.

आता थांबण्याचं. दिवसाला किती मासे ठेवता येतात ही कायद्याची मर्यादा, ती गाठायलाच हवी असं नाही. शिवाय ती ठेवलेल्या माशांचीच असते, सोडलेल्यांची मोजदाद कुणी करत नाही. समजा सोडलेल्या दहातला एक मासा मरतो. तीस मासे धरून सोडणाऱ्यानं तीन मारले, आणि दोन घेऊन लवकर घरी गेलेल्यानं दोन. पहिला माणूस स्वतःला संवर्धक म्हणवतो. म्हणून निघतानाच दोन आकडे ठरवा: ठेवायचे किती, आणि एकूण किती लागले की काठी आवरायची. आणि बर्फात एक ठेवलेला असताना त्याहून मोठा लागला म्हणून आधीचा मेलेला समुद्रात फेकायचा, हे मला तरी उघड नासाडीच वाटते.

४. सामान

सगळ्यात जास्त फरक गळाच्या आकारानं पडतो. नेहमीचा इंग्रजी ‘जे’सारखा गळ मासा आमिषासकट गिळतो आणि तो घशात किंवा पोटात रुततो. वर्तुळाकार गळाचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. मासा तो गिळून वळला की गळ घशातून घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. एक सवय मात्र मोडावी लागते. चाहूल लागली की काठीला हिसका देणं आपल्या हाडात असतं, आणि वर्तुळाकार गळ हिसक्यानं तोंडातून निसटतो. दोरी हळूहळू ताणत जा, रीळ सावकाश फिरवा, बाकीचं मासाच करतो. विकत घेताना टोक दांडीच्या सरळ रेषेत आहे ना ते पाहा. टोक बाजूला मुरडलेलं असेल तर तो नावापुरता वर्तुळाकार.

गळाच्या टोकामागची उलटी अणकुची पक्कडीनं दाबून सपाट करा. दोरी सैल पडू दिली नाही तर मासे फारसे निसटत नाहीत, आणि गळ दोन सेकंदांत सुटतो. तो कुणाच्या बोटात घुसला तर याचं मोल आणखी कळतं.

दोरी माशाच्या मानानं पुरेशी दमदार घ्या. बारीक दोरीवर मोठा मासा थकवत बसण्यात कौशल्य दिसतं, पण त्या झुंजीत त्याच्या स्नायूंत आणि रक्तात आम्ल साठत जातं, आणि सोडल्यावर पोहत गेलेला मासाही नंतर त्यानं मरू शकतो. हातजाळं रबराचं, बिनगाठीचं असावं. गाठी असलेलं नायलॉन खवले आणि पर सोलून काढतं.

शिशाची वजनं गिळून पक्षी मरतात. ब्रिटनमध्ये राजहंस मरायला लागल्यावर १९८७ मध्ये लहान शिसं विकण्यावर बंदी आली. टंगस्टन, पोलाद किंवा पितळेची वजनं मिळतात. जिथे तळ खडकाळ आणि वजनं हमखास अडकतात, तिथे तरी ती वापरा.

५. मासा हाताशी आल्यावर

सोडायचा मासा शक्य असेल तर होडीत घेऊच नका. होडीच्या कडेला, पाण्यातच पक्कडीनं गळ काढा. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्यात सुट्या तरंगतात आणि हवेत एकमेकींना चिकटतात. प्राणवायू घेण्याची जागाच मिटते.

उचलावंच लागलं तर आधी हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जंतूंपासून त्याचं रक्षण करतो. कोरड्या हातानं, कापडी हातमोज्यानं किंवा तापलेल्या फळीवर ठेवल्यानं तो निघून जातो. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. जड मासा जबड्याला धरून उभा लटकवला तर त्याच्याच वजनानं जबडा आणि मणका दुखावतो. बोटं कल्ल्यांत घालायची नाहीत. मोजपट्टी आधीच ओली करून पसरलेली हवी, कॅमेरा सोबत्याच्या हातात तयार हवा. या गोष्टी मासा वर आल्यावर शोधायला लागलात तर मिनिट सहज जातं.

गळ घशाखाली गेला असेल तर तो ओढून काढायच्या फंदात पडू नका. तोंडाजवळ दोरी कापा. गळासकट सोडलेले मासे ओढाताण केलेल्यांपेक्षा जास्त जगतात, आणि साधा पोलादी गळ हळूहळू गंजतो. गंज न धरणारे गळ यासाठीच टाळायचे.

सोडताना डोकं प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात आडवा धरा आणि शेपटीनं स्वतः जोर लावेपर्यंत थांबा. मागे-पुढे हलवत बसण्याची सवय सोडा. मागे ओढला की पाणी कल्ल्यांत उलटं शिरतं.

मुशी किंवा पाकट लागली तर ती वाळूवर ओढू नका. त्यांच्या पोटातल्या अवयवांना बरगड्यांचा आधार नसतो, पाण्याबाहेर त्यांच्याच वजनानं आत इजा होते. पाण्यातच दोरी जितकी जवळून कापता येईल तितकी कापा.

६. खोल पाण्यातला मासा

इथे चांगल्या मनाच्या माणसाकडूनही मासे मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. तिथून वर आणलेल्या माशाच्या वाताशयातली, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या पिशवीतली, हवा चौपट फुगायला बघते. ग्रुपर, स्नॅपर, रॉकफिश यांच्यात ती हवा रक्तात शोषली जाऊनच कमी होते, आणि त्याला तास लागतात. त्यामुळे ‘हळू वर आणला की झालं’ हा उपाय चालत नाही. डोळे बाहेर येतात, पोट टणक होतं, तोंडातून गुलाबी फुगा डोकावतो. तो फुगा वाताशय आहे असं समजून अनेक जण त्याला टोचतात. बहुतेक वेळा ते माशाचं उलटं झालेलं जठर असतं. त्याला भोक पाडायचं नाही.

असा मासा पाण्यात टाकला तर उताणा होऊन तरंगतो आणि उन्हानं किंवा पक्ष्यांच्या चोचीनं मरतो. उपाय एकच, त्याला पुन्हा खाली न्यायचा. त्यासाठी वजन बांधलेला जबड्याचा चिमटा मिळतो. ठरवलेल्या खोलीवर दाबानं तो आपोआप उघडतो. तो नसेल तर साधा प्लॅस्टिकचा क्रेट उलटा करून, काठांना वजनं आणि वर दोरी बांधून वापरता येतो. मासा आत ठेवायचा, क्रेट सरळ खाली सोडायचा. खाली दाब वाढला की हवा आकसते, आणि मासा खालच्या उघड्या बाजूनं निघून जातो. हे सगळं वर आल्यापासून दोन-तीन मिनिटांत व्हायला हवं, म्हणून साधन हाताशी बांधून ठेवा. अमेरिकेनं मेक्सिकोच्या आखातात तळाचे मासे धरणाऱ्या होड्यांना २०२२ मध्ये असं साधन किंवा हवा काढायची सुई बाळगणं सक्तीचं केलं. सुईचं काम शिकल्याशिवाय करू नये. चुकीच्या जागी टोचली तर मासा तिथेच गेला.

आणि लहान किंवा बंदी असलेले मासेच वर येत असतील, तर जागा बदला. रॉकफिशमधला यलोआय शंभरी ओलांडतो. तो दोनदा वर आणण्यासारखा मासा नव्हे.

७. नांगर, दोरी, चिखल

नांगर वाळूवर टाका. प्रवाळ आणि समुद्रगवत टाळा. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत आडवं पसरताना वर्षाला काही सेंटीमीटरच पुढे सरकतं, आणि नांगराच्या साखळीनं पडलेला चर भरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. होड्या बांधण्यासाठी बसवलेला तरंगता बोया असेल तर होडी तिथेच बांधा.

तुटलेली दोरी खिशात नाही, झाकणाच्या डब्यात टाका. खिशातली वाऱ्यानं उडते. जागा बदलण्याआधी नांगर, साखळी आणि हातजाळं धुऊन वाळवा. कॉलेर्पा या आक्रमक शैवालाचा एक तुकडासुद्धा नव्या जागी रुजतो. १९८४ मध्ये मोनॅकोजवळ दिसलेलं शैवाल नांगरांबरोबर भूमध्य समुद्रात पसरत गेलं, आणि न्यूझीलंडमध्ये २०२१ पासून त्याच्या एका भाऊबंदासाठी काही उपसागरांत नांगर टाकण्यावरच बंदी आणावी लागली. उरलेलं जिवंत आमिषही समुद्रात ओतू नका, ते दुसऱ्या पाण्यातलं असेल तर अजिबातच नाही.

८. नोंद ठेवा आणि बोलायला जा

तारीख, ढोबळ जागा, खोली, लागलेले, ठेवलेले, सोडलेले, लांबी आणि गळ कुठे अडकला. वहीत एवढं लिहा. रिकाम्या हातानं परतलेले दिवसही लिहा, त्यांच्याशिवाय आकडे खोटं बोलतात. माशांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून सोडायचे उपक्रम तुमच्या किनाऱ्यावर चालत असतील तर त्यात सामील व्हा. अटलांटिकमधला असा अमेरिकी उपक्रम १९५४ पासून आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा १९७३ पासून सुरू आहे, आणि दोन्ही हौशी लोकांच्या हातांवर चालतात.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षित करायचं ठरवलं. म्हणजे नव्या हद्दी येणार. त्या आखताना ज्यांच्याकडे नोंदी असतात त्यांचं ऐकलं जातं, नुसत्या आरडाओरड्याचं नाही. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोत १९९५ मध्ये उद्यान झालं ते गावकऱ्यांच्या मागणीवरून, आणि कायद्यानं बंदी फक्त ३५ टक्के भागात असताना त्यांनी ती सगळीकडे पाळली. १९९९ ते २००९ मध्ये तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं.

सुनावणीला गेलात तर विचारा: ही हद्द कुठल्या जातीसाठी किंवा अधिवासासाठी आहे? पहारा कोण देणार? आढावा किती वर्षांनी आणि कुठल्या आकड्यांवर? किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्या, होडी नसलेल्या माणसाला कुठली जागा उरते? शेवटचा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही, आणि नंतर चोरून मासेमारी नेमकी तिथेच होते. हरकती मुदतीत आणि लेखी द्या, सोबत नोंदवहीतल्या पानांच्या प्रती जोडा, आणि पोच घ्या.